बर्फातली ओवी

परदेशात राहणाऱ्या बाईची कविता म्हटली की ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं: तुळशीवृंदावन येणार, आईच्या हातची भाकरी येणार, पहिल्या पावसाचा वास येणार. आम्हीही ते सगळं निमूटपणे पुरवतो. मी डेट्रॉइटजवळ राहते आणि मराठीत लिहिते. अशा कवितांनी माझेही डोळे भरून येतात, पण त्यांत ती बाई मला सापडत नाही. तिनं काय मागे ठेवलं ते कळतं. ती आता कोण झाली आहे ते कळत नाही.

मला माझा पत्ता लागला तो ओवीमुळे. जात्यावर दळता दळता ओवी गाणारी बाईसुद्धा परमुलखातच आलेली असायची. कोवळ्या वयात लग्न होऊन अनोळखी उंबरठ्याच्या आत आलेली, माहेरची वाट पाहणारी. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचत बसलं की जाणवतं, माहेर त्यांत ठायी ठायी आहे. पण गाणारी बोलते ती जिथे बसली आहे तिथूनच. जात्याचा खुंटा, सुपातलं धान्य, सासूचा शब्द, दाराशी आलेला भाऊ. हाताखाली जे आहे त्याला ती नाव देते आणि त्या नाव देण्यातून ती स्वतः उभी राहते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आली. त्यांनीही शेत, चूल आणि विहीर सोडून दूरचं काही शोधलं नाही.

ओवीची आणखी एक सोय लिहिणारीला फार मोलाची वाटते. गणवृत्तात लघुगुरूंचा हिशेब चुकवता येत नाही. ओवी मात्र श्वासाबरोबर लांबते, आखडते. यमक जुळलं की तिचं समाधान होतं. त्यामुळे पार्किंग लॉट, स्नो टायर, नाइट शिफ्ट हे शब्द तिच्यात अंग चोरून बसत नाहीत.

जानेवारीत इथे पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा जाड थर असतो. प्लॅस्टिकच्या खरवडणीनं तो काढताना हाताला लय सापडते, आणि त्या लयीवर ही ओवी आली:

अंधारात उठून बाई, काच मी खरवडते
बर्फाआड माझं रूप हळूहळू उघडते

पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या ओळीत आईचं अंगण होतं, कारण अंगण यमकाच्या शोधात आपणहून धावत येतं. ते मी काढलं. मग काचेकडे नीट पाहिलं, तर टोपी, मफलर आणि लाल झालेलं नाक घेऊन एक बाई तिथे उभी होती, कामावर निघालेली. हीसुद्धा मराठी बाईच. हिच्याबद्दल मराठीत कुणी लिहायचं?

कवयित्री सुजाता भट्ट यांचा मार्ग वेगळा. अहमदाबादेत जन्म, बालपण पुण्यात, १९६८ मध्ये अमेरिका, पुढे जर्मनी. त्या इंग्रजीत लिहितात आणि कवितेच्या मधोमध गुजराती ओळी गुजराती लिपीतच ठेवतात. मला ते धाडस फार आवडतं. माझी ओढ मात्र उलट आहे: इथला बर्फ, इथला हायवे, इथली एकटी पहाट मराठीच्या पोटात घालायची. त्यात मी घडते आणि भाषाही थोडी रुंदावते, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून परदेशातल्या माझ्या लिहित्या मैत्रिणींना एकच विनंती. पुढची कविता लिहायला बसाल तेव्हा गेल्या आठवड्यात तुमच्या हातून झालेलं एक काम तिच्यात येऊ द्या, त्याच्या नावागावासकट. माहेरही येऊ दे, पण त्या कामाच्या नंतर.