इफिसच्या चिटणिसाची साक्ष

तुर्कस्तानात इझमीरच्या दक्षिणेला सेल्चुक हे छोटे शहर आहे. तेथील पाणथळ माळावर एकच उंच दगडी खांब उभा आहे. जगातील सात आश्चर्यांत गणल्या गेलेल्या आर्तेमिस देवीच्या मंदिराची ही खूण. 1956 च्या उत्खननात सापडलेली तिची संगमरवरी मूर्ती आज गावच्या संग्रहालयात आहे. जवळच 1375 ची ईसा बे मशीद आहे.

पुढे प्राचीन इफिस नगरीचे अवशेष लागतात. तेथील विशाल दगडी नाट्यगृहातला प्रसंग बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, 19 व्या अध्यायात आहे. कोरीव मूर्तींपुढे झुकू नका, हा तौरातचा हुकूम. हातांनी घडवलेले देव हे देव नव्हेत, असे पौल येथे सांगत होता. देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय बिथरला. त्याने कारागिरांना आधी धंदा बुडण्याची भीती घातली, मग देवीच्या मानाची. पौलाच्या दोन सोबत्यांना ओढत जमाव नाट्यगृहात घुसला आणि दोन तास घोषणा देत राहिला. अखेर नगराच्या चिटणिसाने समजावले : या माणसांनी मंदिर लुटले नाही, आपल्या देवीची निंदाही केली नाही.

सूरह अल-अनआममध्ये हजरत इब्राहीम (अ.) वडिलांना मूर्तींविषयी थेट सवाल करतात. त्याच सूरहमध्ये, लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना शिवीगाळ करू नका, अशी ताकीदही आहे. तौहीदवर ठाम राहायचे आणि जिभेला लगामही घालायचा. त्या चिटणिसासारखी साक्ष आपल्याविषयी आपला शेजारी देऊ शकेल का?