ठेवायचं की सोडायचं?

१५ नोव्हेंबरला, शनिवारी, चेन्नईनं रवींद्र जडेजा राजस्थानला दिला आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. सोबत सॅम करनही गेला. संध्याकाळी चिखलीच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "बारा सीझन खेळला तो. असं काढून देतात का घरच्या माणसाले?" दुसरी म्हणे, "धंदा हाय भाऊ. सदतिशीच्या माणसाले किती दिवस पोसतीन?"

मला विचारलं, "तुम्ही सांगा, पत्रकार."

मी चहा संपवला आणि विषय टाळला. कारण तोच प्रश्न आमच्या क्लबच्या कमिटीपुढे आहे आणि येत्या रविवारी त्यावर हात वर करायचे आहेत. जडेजाचे अठरा कोटींचे चौदा झाले, आमच्याकडे चौदा रुपयांचाही व्यवहार नाही. पण प्रश्न तोच. चांगला खेळाडू ठेवायचा की सोडायचा?

आमच्याकडे सतरा वर्षांचा एक पोरगा आहे. ऑफस्पिन टाकतो. शेतकऱ्याचं पोरगं, रोज सायकलवर येतं. नागपूरच्या एका क्लबनं त्याला बोलावलंय. राहायची सोय तेच करणार. फक्त आमचं ना-हरकत पत्र हवंय. कमिटीत सात जण आहोत. तिघं म्हणतात, द्या. तिघं म्हणतात, यंदाचा सीझन होऊ द्या, मग पाहू. सातवा मी.

आधी जडेजाचंच बोलू, कारण त्याच्या गोष्टीत एक गंमत आहे. २००८ मध्ये तो राजस्थानकडूनच पहिली आयपीएल जिंकला. २०१० मध्ये त्यानं करार वाढवायच्या ऐवजी दुसऱ्या संघाशी थेट बोलणी केली म्हणून त्याला एक अख्खा सीझन बाहेर बसवलं. एकवीस वर्षांचा होता. २०१२ मध्ये चेन्नईनं लिलावात घेतला. २०२३ च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या, त्यानं सिक्स आणि फोर मारून कप दिला. धोनीनं त्याला उचलून घेतलेला तो फोटो सगळ्यांना आठवत असेल. आणि आता पंधरा वर्षांनी मालक-मालक बोलले, त्यानं होकार दिला आणि तो परत राजस्थानात. खेळाडूनं स्वतः बोलणी केली तर गुन्हा, मालकांनी केली तर 'ट्रेड'. नियम आहे, मान्य. खेळाडूची संमती लागते, हेही मान्य. पण बोलणी सुरू कोण करणार आणि थांबवणार कोण, हे ज्याच्या हातात असतं, खरी ताकद त्याच्याकडेच असते.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बैल बाजूला रवंथ करत उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही.

अमेरिकेत बेसबॉलचं हेच होतं. एकदा करार केला की खेळाडू जन्मभर त्या क्लबचा. क्लबनं ठेवलं तर राहायचं, विकलं तर जायचं. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं खेळलेला माणूस. तो म्हणाला, मी जात नाही. कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला आणि त्याची कारकीर्दही तिथंच संपल्यात जमा झाली. पण तीनच वर्षांत लवादानं दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला आणि दार उघडलं. फ्लडला स्वतःला त्याचा काही फायदा झाला नाही. वाट त्याची मोडली, रस्ता बाकीच्यांचा झाला.

आता आपल्या घरात येऊ. आपला बुलडाणा जिल्हा क्रिकेटमध्ये विदर्भात येतो. देऊळगाव राजावरून जालना हाकेच्या अंतरावर, पण जालना महाराष्ट्र संघटनेत आणि आपण नागपूरच्या. म्हणजे पोराला निवड चाचणी द्यायची तर साडेतीनशे किलोमीटर. तरी आपलं सगळं प्रेम विदर्भावरच, आणि विदर्भानं ते सार्थही केलं. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिली रणजी. रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक मी कार्यालयात उभा राहून पाहिली होती. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसरी. आदित्य सरवटेनं त्या सामन्यात अकरा विकेट काढल्या, पुजाराला दोन्ही डावांत त्यानंच काढलं. दोन्ही वर्षी संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. दुसऱ्या वर्षी तर चाळिशीत त्यानं हजारावर धावा केल्या.

२०२४-२५ चा सीझन सुरू झाला तेव्हा गुरबानी महाराष्ट्रात होता आणि सरवटे केरळात. दोन फायनलचे दोन हिरो, दोन्ही गेलेले. तेव्हा मीही लिहिलं होतं की हे काय चाललंय, आपली माणसं आपल्याला सांभाळता येत नाहीत का. आणि नशीब बघा, त्याच सीझनच्या फायनलला जामठ्यावर विदर्भासमोर आलं कोण? केरळ! सरवटे आपल्याच मैदानावर आपल्याच विरुद्ध उतरला आणि पहिल्या डावात ७९ धावा काढून गेला. तो खेळत होता तोवर माझा जीव वरखाली होत होता. आउट हो म्हणावं तर तोंड उघडत नव्हतं.

आपण ३७९, ते ३४२. ३७ धावांच्या आघाडीवर तिसरी रणजी आपली झाली.

त्या सीझनमध्ये विदर्भासाठी सगळ्यात जास्त विकेट कोणी काढल्या? हर्ष दुबेनं. ६९ विकेट, रणजीच्या एका सीझनचा विक्रम. बावीस वर्षांचा डावखुरा स्पिनर. आणि सरवटे कोण? तोही डावखुरा स्पिनर. आता मला सांगा, सरवटेला आपण धरून ठेवला असता तर दुबेला इतकी षटकं मिळाली असती का? कदाचित मिळालीही असती, दोघं जोडीनं टाकते. पण जागा रिकामी झाल्यावर पोरगं कसं वाढतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

त्याच फायनलला आपले तीन गडी २४ वर गेले होते. तिथून एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ ची भागीदारी केली. दानिशच्या १५३, करुणच्या ८६. दुसऱ्या डावात करुणच्या १३५. हा करुण कोण? इंग्लंडविरुद्ध कसोटीत त्रिशतक ठोकलेला, पण नंतर कर्नाटकाच्या संघातही ज्याला जागा उरली नव्हती तो. २०२३ ला आपल्याकडे आला. दोन सीझन दिले, रणजी दिली, विजय हजारेत पाच शतकं मारली. भारताच्या कसोटी संघात परत गेला. आणि २०२५ मध्ये कर्नाटकात परत गेला. त्याच सुमारास अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला.

तेव्हाही टपरीवर बोंब झाली. "गरज सरो, वैद्य मरो." पण ऑक्टोबरमध्ये इराणी करंडक झाला. करुण नाही, जितेश नाही. विदर्भानं शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. १४३ कोणी काढल्या? अथर्व तायडेनं. आपल्या शेजारच्या अकोल्याचा.

मी काही असं म्हणत नाही की मोठा खेळाडू गेल्यानं संघाचं भलंच होतं. जो जातो तो सोबत काहीतरी घेऊन जातोच. पण करुण गेला तेव्हा दानिश उभा होता. सरवटे गेला तेव्हा दुबे उभा होता. ठेवायचं की सोडायचं, या प्रश्नाआधीचा प्रश्न हा आहे: मागे कोण उभं आहे? मागे कोणी नसेल, तर चूक जाणाऱ्याची नाही. चूक आपली, इतकी वर्षं एकावरच भागवल्याची.

खेळाडूच्या बाजूनंही बघा. रणजीत अकरामध्ये असलात तर दिवसाला ४० ते ६० हजार, किती सामने खेळलात त्यावर. राखीव बसलात तर निम्मे. राज्य बदलायचं तर मूळ संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि नव्या राज्यात बाहेरच्यांसाठी जागा तीनच. बाकावर बसून दोन सीझन गेले की तिशी येते. नोकरीत माणूस बदली मागतो, तसंच हे. त्याला गद्दारी म्हणायचं कारण नाही.

हे सगळं शहाणपण मला आज सुचतंय. पंधरा वर्षांपूर्वी सुचलं नव्हतं. ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट पूर्ण होत नाही.

तेव्हा मी क्लबचा सचिव होतो. आमच्याकडे एक डावखुरा फास्ट बॉलर होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. अठरा पूर्ण होत आलेला. अकोल्याच्या एका क्लबनं त्याला मागितलं. तो माझ्याकडे पत्र मागायला आला. दिवाळीनंतर आमची चषक स्पर्धा होती, त्यात त्याच्याशिवाय आमचं काही खरं नव्हतं. मी त्याला म्हणालो, "एवढा सीझन काढ. पुढच्या वर्षी मी स्वतः तुले घेऊन जातो." त्यानं मान हलवली. तो मला भाऊ म्हणायचा. भाऊ म्हणणाऱ्याला पोरं नाही म्हणत नाहीत.

आम्ही चषक जिंकलो. त्यानं फायनलला पाच विकेट काढल्या. बातमी मीच लिहिली, चार कॉलम. पुढच्या वर्षी त्याला घेऊन अकोल्याला गेलोही. तिथल्या कोचनं दोन षटकं पाहिली आणि जन्मतारीख विचारली. एकोणीस वर्षांखालच्या गटाचं वय निघून गेलं होतं. कोच म्हणाला, "गेल्या वर्षी का नाही आणलं?" मी काय सांगणार? येताना एसटीत आम्ही दोघं शेगावपर्यंत एक शब्द बोललो नाही.

तो रणजी खेळलाच असता, असं मी म्हणत नाही. हजारात एखादा खेळतो. पण दाराशी जाऊन परत येणं वेगळं आणि दाराकडे जाऊच न देणं वेगळं. आज त्याचा स्वतःचा मालवाहू टेम्पो आहे, संसार चांगला आहे. चषक आमच्या कार्यालयात कपाटावर आहे. त्याची एक मूठ तुटलीय.

कमिटीतल्या मित्रांचं म्हणणं मी धुडकावत नाही. ते म्हणतात, "आपण पाच वर्षं घडवायचं आणि नागपूरवाल्यानं आयतं न्यायचं? मग आपण कशाले उन्हात मरायचं?" बरोबर आहे. फुटबॉलमध्ये 'फिफा'चा नियम आहे: बारा ते एकवीस या वयात ज्या क्लबांनी पोराला शिकवलं, त्यांना तो व्यावसायिक झाल्यावर वाटा मिळतो. आम्हाला आजवर कोणी चेंडूंचा एक डबा दिला नाही. हे मागायलाच हवं, संघटनेकडे लेखी मागायला हवं, मी स्वतः अर्ज लिहून देतो. पण त्या भांडणात पोराला ओलीस ठेवायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वयोगटातल्या खेळाडूचं पत्र एका दिवसासाठीही अडवायचं नाही, कारण त्याचं वय थांबत नाही. मोठ्यांचं अडवायचं असेल तर कारण कागदावर लिहून द्यायचं आणि महिन्याच्या आत द्यायचं. 'बघू', 'पुढच्या वर्षी' ही उत्तरं बंद. आणि दर सीझनला एक तरी नवा पोरगा पहिल्या अकरात खेळलाच पाहिजे, म्हणजे कोणी गेलं तर आभाळ कोसळणार नाही.

परवा तो टेम्पोवाला चौकात भेटला. त्याला सगळं माहीत होतं, गावात काही लपत नाही. काच खाली करून म्हणाला, "भाऊ, त्या पोराचं पत्र देऊन राहिले ना?"

एवढंच बोलला आणि गाडी पुढे घेतली.

रविवारी सकाळी दहाला बैठक आहे. माझं मत 'द्या' आहे. बाकीच्या सहा जणांनी ही पोस्ट वाचली असेल तर बैठक अर्ध्या तासात संपेल. आणि ज्यांना वाटतं की मी क्लबचं नुकसान करतोय, त्यांनीही या. नेटमध्ये एक चौदा वर्षांचा लेगस्पिनर आहे, तो दाखवतो.