पुढे ओढलेली शिल्लक

आमच्या चिंचपोकळीच्या घरातील लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात अकरा व्हिडिओ कॅसेट कित्येक वर्षे पडून होत्या. त्यांतील एकीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘लग्न, फलटण, मे 1992’. हे लग्न माझ्या धाकट्या बहिणीचे. यंदा तिच्या मुलीचे लग्न ठरले आणि बारामतीहून तिचा फोन आला, ‘‘दादा, ती कॅसेट तुझ्याकडेच आहे ना? डिस्कवर उतरवून दे. भाऊंना पाहून किती वर्षे झाली!’’ भाऊ म्हणजे आमचे वडील. ते 1999 साली गेले. मी ‘हो’ म्हटले खरे, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या कॅसेटविषयीची एक गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती.

9 मार्च 1996 ची ती रात्र. बंगळूरला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत भारत आणि पाकिस्तान समोरासमोर होते. वेंकटेश प्रसादने आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला आणि आमची सारी इमारत दणाणून गेली. हा सामना जपून ठेवावा असे मनात आले. हाताला लागली ती कॅसेट मी व्हीसीआरमध्ये सरकवली आणि बटण दाबले. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक लहानसा तुकडा असतो. तो मोडून टाकला की तिच्यावर पुन्हा काही मुद्रित होत नाही. मी तो मोडला नव्हता. बँकेत पस्तीस वर्षे एका व्हाउचरवरही खाडाखोड चालू न देणाऱ्या माणसाने स्वतःच्या बहिणीच्या लग्नावर क्रिकेटचा सामना लिहिला! दुसऱ्या दिवशी चूक ध्यानात आली. शेवटी काही उरले आहे का, हे पाहण्याचेही धैर्य मला झाले नाही.

आता ते पाहणे भाग होते. आमचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता, आणि नवा मिळण्याची सोय नाही. ही यंत्रे बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिनेही जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले. ग्रँट रोडच्या बाजूला असे काम करणारा एक तरुण मिळाला. त्याने कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, बुरशी आहे. ही तशीच लावली तर यंत्राचे हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होईल.’’ गुंडाळीच्या कडेवर पांढरे बारीक तंतू मलाही दिसले. फीत पॉलिएस्टरची, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे कण एका चिकट लेपाने बसवलेले असतात. चित्र आणि आवाज त्या कणांत. हा लेप दमट हवेतले पाणी शोषतो. आपल्या मुंबईत जून ते सप्टेंबर तो काय सोसत असेल, हे पापडाचा डबा उघडणाऱ्या गृहिणीला सांगायला नको.

बँकेत खातेदाराने दोन वर्षे व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. पण तेथे वारसाला मागणी करता येते. कपाटातल्या कॅसेटचे तसे नाही.

कॅसेट सिलिका जेलसोबत बंद डब्यात आठवडाभर कोरडी झाली, मग मऊ कापडातून फिरवून तिची फीत पुसली गेली. त्या काळात मला फलटणचे ताम्रपट वारंवार आठवले. लहानपणी भाऊ आम्हां भावंडांना ते दाखवायला नेत. नवव्या शतकातील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीला ताडपत्रांवर राहिली. पुढे तिच्या कागदावर नकला झाल्या; अमरावतीच्या प्रा. हिरालाल जैन यांनी 1939 पासून ती सोळा खंडांत छापली. आणि आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ती तांब्यावर कोरली गेली. एकाच ग्रंथासाठी ताडपत्र, कागद, छपाई, तांबे! आमच्या दुकानात दिवाळीला नवी वही उघडून भाऊ जुनीची शिल्लक पुढे ओढत, तसेच हे. जुनी वही चांगली आहे म्हणून कोणी नवी उघडायचे टाळत नसे.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. घाई चालत नाही. मी त्या तरुणाशेजारी बसून राहिलो. पडद्यावर पाकिस्तानचे गडी बाद होत होते, प्रेक्षक नाचत होते. सामना संपला, पडदा मुंग्यांनी भरला, आणि एकदम मांडव दिसला. प्रकाशाने डोळे मिचकावणारे भाऊ छायाचित्रकाराला अर्ध्या वाक्यातून सांगत होते, ‘‘...तो दिवा बाजूला घे रे. आणि आधी मंडळींची पाने मांडा, सूर्य कलला. मुलीकडच्या एकाही माणसाचे जेवण राहता कामा नये.’’ मग ते वळून आईला काहीतरी विचारतात, आई हसते. असे सतरा मिनिटे.

संध्याकाळी बहिणीला फोन करून सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘भाऊंचा आवाज आहे ना?’’ आहे म्हटले. ‘‘मग सतराच मिनिटे का होईना. सामनाही ठेव, जावईबापूंना आवडेल.’’

सध्या दोन डिस्क केल्या आहेत, एक माझ्याकडे, एक बारामतीला. तिसरी नक्कल पुण्याला मुलीच्या संगणकावर. साध्या डिस्कमधील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने फिके पडते, म्हणून दगडासारखा थर असलेली महाग डिस्क घेतली. तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवली नाही. दर श्रुतपंचमीला ती लावून पाहायची आणि बिघाड दिसला की नवी नक्कल करायची, असे डायरीत लिहिले आहे. नव्या संगणकांना डिस्कचा खण नसतो, म्हणून तो वेगळा विकत आणला. सौ. म्हणते, आता तोही जपा!

मूळ कॅसेटही टाकलेली नाही. कोरड्या डब्यात ती उभी ठेवली आहे. तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा परवा मोडून टाकला, तेहतीस वर्षे उशिरा.