थांबण्याचा हिशेब

संगणक किंवा फोन मंद झाला की बहुतेक लोक प्रोसेसरला दोष देतात. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरी व्यवस्थापनात काम करणारी आम्ही माणसे आधी वेगळे विचारतो : कोण कोणासाठी थांबले आहे? आजच्या प्रोसेसरला एक बेरीज करायला एक नॅनोसेकंदही लागत नाही. रॅममधून एखादी नोंद आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद जातात. तीच नोंद एसएसडीवरून आणायची तर हा आकडा काही हजारांपासून लाखापर्यंत चढतो. म्हणून आमच्या क्षेत्रात वेग मिळतो तो मुख्यतः अनावश्यक थांबणे शोधून काढून टाकल्याने. गेल्या काही वर्षांत लिनक्स कर्नलमध्ये या दिशेने जे काम झाले, ते मला आपल्या काळातल्या उत्तम अभियांत्रिकीपैकी एक वाटते. त्याची ओळख मराठी वाचकाला व्हावी, यासाठी हा लेख.

सुरुवात एका सोयीस्कर भासापासून होते. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटते की संपूर्ण मेमरी आपलीच आहे. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात 1962 साली प्रत्यक्षात आली, आणि आजच्या प्रत्येक फोनमध्ये ती जिवंत आहे. मेमरीचे सारख्या आकाराच्या पानांत तुकडे करायचे. प्रोग्रॅम वापरतो ते पत्ते आभासी. ते खऱ्या रॅममधल्या कोणत्या पानाकडे नेतात, हे कर्नल पेज टेबलमध्ये लिहून ठेवते. बहुतेक यंत्रांवर एक पान 4096 बाइटांचे असते. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल फक्त वचन देते. प्रोग्रॅम त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा प्रोसेसर अडतो, कर्नलला बोलावतो, कर्नल एक कोरे पान जोडून देते आणि प्रोग्रॅम पुढे सरकतो. याला आम्ही पेज फॉल्ट म्हणतो. नावात ‘फॉल्ट’ असला तरी ही रोजची, निरोगी घटना आहे. एखादे मोठे अ‍ॅप उघडताना असे हजारो फॉल्ट होतात, आणि अ‍ॅप किती झटकन उघडते हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते.

आता या हजारो फॉल्टच्या वाटेत काय येत होते ते पाहा. प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, पत्त्यांचा प्रदेश सलग पट्ट्यांत विभागलेला असतो. कोड एका पट्ट्यात, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रोसेसमधल्या समांतर कामाच्या धाग्याचा, स्टॅक वेगळ्या पट्ट्यात, फाइली आणखी वेगळ्या पट्ट्यांत. अशा प्रत्येक पट्ट्याला व्हीएमए म्हणतात. वर्षानुवर्षे या सगळ्या पट्ट्यांवर मिळून एकच लॉक, म्हणजे एकमेकांच्या कामात गोंधळ होऊ न देणारे कुलूप, होते. पेज फॉल्ट हाताळणारे थ्रेड ते वाचकाच्या हक्काने घेत, म्हणजे अनेकांना एकाच वेळी घेता येई. पण एखाद्या थ्रेडला नवा पट्टा जोडायचा किंवा जुना काढायचा असला की त्याला ते लेखकाच्या हक्काने लागे, आणि मग बाकी सगळे खोळंबत. मोठ्या वाड्यात एका बिऱ्हाडाच्या खोलीची कडी बदलायची म्हणून वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद ठेवावा, तसा हा प्रकार होता. शिवाय नुसते वाचकाच्या हक्काने लॉक घेणेही फुकट नसते. लॉकमधला मोजणीचा आकडा प्रत्येक कोअरला आपल्या कॅशेत ओढून घ्यावा लागतो. शेकडो थ्रेड एकाच आकड्याची अशी ओढाताण करू लागले की कोअर वाढवूनही काम वाढत नाही.

या लॉकला बगल देऊन फॉल्ट हाताळण्याचा प्रयत्न आयबीएममधल्या लॉराँ द्युफूर यांनी अनेक वर्षे नेटाने केला. गुंतागुंत फार असल्याने तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही, पण त्यावरच्या चर्चेतून प्रश्नाची नेमकी आखणी झाली. मग दोन पावलांत उत्तर आले. पहिले पाऊल डिसेंबर 2022 मधल्या 6.1 आवृत्तीत पडले. लिअम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांनी पट्टे शोधण्यासाठी वापरला जाणारा जुना रेड-ब्लॅक ट्री काढून तिथे मेपल ट्री आणला. याच्या एका गाठीत अनेक नोंदी बसतात, त्यामुळे शोधताना उड्या कमी लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसरा कोणी झाडात बदल करत असतानाही लॉक न घेता त्यात सुरक्षितपणे शोधता येते. दुसरे पाऊल जून 2023 च्या 6.4 आवृत्तीत. गूगलच्या सुरेन बगदासार्यान यांनी प्रत्येक पट्ट्याला स्वतःचे लॉक दिले.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. लेखकाला एका कामात अनेक पट्टे लॉक करावे लागतात. काम संपल्यावर प्रत्येकाचे लॉक शोधून सोडत बसणे खर्चिक पडते. म्हणून पट्टा लॉक करताना त्यावर प्रोसेसचा त्या वेळचा क्रमांक लिहितात. पट्ट्यावरचा आणि प्रोसेसचा क्रमांक जुळला तर पट्टा लॉक आहे असे समजायचे. शेवटी प्रोसेसचा क्रमांक एकाने वाढवला की सगळी लॉक एकाच क्षणी सुटतात. सोडण्याचे कामच उरत नाही.

पण वेगाचा पाठलाग करताना अचूकता निसटू शकते, हेही याच कामाने दाखवले. 6.4 बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत मेमरीतला मजकूर बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या. फोर्क करताना, म्हणजे एका प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करताना, कर्नल पालक प्रोसेसची पेज टेबले मुलासाठी उतरवून घेते. त्याच वेळी पालकाचा दुसरा थ्रेड पट्ट्याच्या नव्या लॉकच्या आधारे फॉल्ट हाताळून तीच टेबले बदलू शकत होता. जुने एकच लॉक होते तेव्हा हे शक्य नव्हते. ही सुविधा लगेच बंद केली गेली, फोर्कपूर्वी पालकाचे पट्टे लॉक करण्याची दुरुस्ती झाली आणि मग सुविधा पुन्हा सुरू झाली. जुन्या मोठ्या लॉकचा वापर कमी करताना ते न सांगता आणखी काय काय सांभाळत होते, हे आधी शोधावे लागते. कर्नलमधल्या कोणत्याही सुधारणेचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

दुसरी मोठी लढाई मेमरी भरल्यानंतरची. काहीतरी बाहेर काढायचे, पण काय? आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी 1966 मध्ये आदर्श उत्तर मांडले : ज्या पानाची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे ते काढा. अडचण एवढीच की भविष्य कोणाला दिसत नाही. म्हणून सगळी कर्नले भूतकाळावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज स्वस्तात बांधावा लागतो. पान वापरले गेले की प्रोसेसर पेज टेबलमध्ये एक बिट लावून ठेवतो. लिनक्स पूर्वी पाने दोन याद्यांत ठेवत असे, एक सक्रिय आणि एक निष्क्रिय. एखाद्या पानाचा बिट तपासायचा तर ते कोणकोणत्या पेज टेबलांत आहे हे उलट्या दिशेने शोधावे लागे. मेमरीची चणचण असताना नेमकी याच कामात प्रोसेसरची शक्ती जळत असे.

गूगलच्या यू झाओ यांनी बांधलेल्या एमजीएलआरयू (मल्टी-जनरेशनल एलआरयू) या पद्धतीने हा शोध सरळ केला. तीही 6.1 मध्येच आली. शेजारशेजारची पाने बहुधा एकत्रच वापरली जातात, म्हणून ही पद्धत पेज टेबलांतून सलग फिरून एका फेरीत अनेक बिट वाचते आणि पानांना दोनऐवजी अधिक पिढ्यांत वाटते. क्रोम ओएस आणि अँड्रॉइड उपकरणांवरची मोजणी त्यांनी दिली होती. पाने परत मिळवणाऱ्या कर्नल थ्रेडचा प्रोसेसर-वापर 40 टक्क्यांनी घटला. कमी मेमरीमुळे मारल्या जाणाऱ्या अ‍ॅपची संख्या 75व्या पर्सेंटाइलला 85 टक्क्यांनी उतरली.

या शेवटच्या आकड्याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. भरपूर रॅम असलेल्या महागड्या फोनवर चुकीचा अंदाज झाकला जातो. दोन-तीन जीबीच्या फोनवर तो झाकला जात नाही. तालुक्याच्या गावी अशा फोनवर प्रवेशाचा अर्ज भरणारी मुलगी ओटीपी पाहायला मेसेजकडे वळते, परत येते, आणि अर्धा भरलेला अर्ज नाहीसा झालेला असतो. तिच्या दृष्टीने ‘फोन खराब आहे’. माझ्या दृष्टीने कर्नलने चुकीची पाने ठेवली आणि त्या चुकीने नको ते अ‍ॅप मारले.

पानाचा आकार वाढवणे हा थांबणे कमी करण्याचा तिसरा उपाय. पत्त्यांचे ताजे अनुवाद प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात ठेवतो. अनुवाद तिथे सापडला नाही तर चार पातळ्यांची पेज टेबले चाळावी लागतात. 4 केबीऐवजी 2 एमबीचे पान वापरले तर तक्त्यातली एक नोंद 512 पानांचे काम करते. लिनक्समध्ये ही सोय आपोआप मिळू लागली ती 2011 च्या 2.6.38 पासून. पण रेडिससारख्या डेटाबेसच्या मार्गदर्शनात ती बंद ठेवायला सांगतात, कारण फोर्कनंतर एक बाइट बदलला तरी 4 केबीऐवजी 2 एमबीची नक्कल करावी लागू शकते. अँड्रॉइड 15 ने मधला मार्ग घेतला आणि 16 केबीच्या पानांना आधार दिला. मेमरीच्या ताणाखाली अ‍ॅप उघडण्याचा वेळ त्यामुळे सरासरी 3.16 टक्क्यांनी कमी झाला, असे गूगलने जाहीर केले. बदल्यात थोडी अधिक मेमरी खर्च होते.

म्हणून सरासरी सुधारली एवढ्यावर मी कधी थांबत नाही. कोणाचे थांबणे कमी झाले आणि ते कोणाच्या माथी गेले, हे पाहिल्याशिवाय बदल चांगला की वाईट ते कळत नाही. शंभरांत नव्व्याण्णव वेळा वेगवान आणि एकदा अर्धा सेकंद गोठलेला फोन वापरणाऱ्याला मंदच वाटतो.

आपल्याकडे संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांना ऑपरेटिंग सिस्टिम हा परीक्षेपुरता विषय वाटतो. त्यांना माझे सांगणे आहे : लिनक्सच्या यंत्रावर ‘व्हीएमस्टॅट 1’ ही कमांड चालवा, ब्राउझरमध्ये एकामागून एक टॅब उघडत जा आणि ‘एसआय’, ‘एसओ’ या रकान्यांकडे लक्ष ठेवा. स्वॅपमधून आत येणारी आणि बाहेर जाणारी मेमरी तिथे दर सेकंदाला दिसेल. आकडे हलू लागले की कर्नलमधली ‘एमएम’ ही डिरेक्टरी उघडा. तिथला कोड सर्वांना खुला आहे, आणि त्यात करण्यासारखे काम भरपूर उरले आहे. पट्टे जोडताना आणि काढताना ते जुने मोठे लॉक आजही घ्यावेच लागते.