चितारआळीतले शब्द

सावंतवाडीच्या चितारआळीत दुकानांच्या फळ्यांवर मांडलेली फळं कधी नासत नाहीत. देठासकट आंबा, केळ्यांची फणी, जांभळं वांगं, हिरवीगार मिरची, डोक्यावर तुरा मिरवणारा अननस. सगळं लाकडाचं, पण रंग असे की हात आपोआप पुढे जातो. येणारे पाहुणे परडीभर फळं घेतात आणि घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. मला मात्र या आळीतून जाताना वाटतं, आपल्या पोरांचा इंग्रजीचा पहिला धडा इथेच व्हावा.

शाळेतला पहिला धडा कानांना पाठ आहे. डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. चाल गोड असते, पोरं जीव तोडून म्हणतात, आणि चालीबाहेर एखादा शब्द विचारला की गप्प होतात. इंग्रजी शब्द मराठी शब्दाला बांधला गेलेला असतो, कुत्र्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो. त्यातही सावंतवाडीच्या आसपासच्या गावांतलं पोर घरी मालवणी बोलतं. त्याच्या अंगणात असतो तो कुत्रो, परसात असतो तो आंबो. पुस्तकातली मराठी त्याला अजून अर्धीच ओळखीची, आणि तिच्याच खांद्यावर आपण इंग्रजी बसवतो.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ती पाचवीत भेटायची. पाचवीतलं मूल दहा वर्षांचं असतं. त्याला लिहितावाचता येतं, फळ्यावरचे शब्दार्थ ते वहीत उतरवून घेऊ शकतं. सहा वर्षांच्या पोराची गोष्टच वेगळी. ते वस्तू हुंगतं, चाटतं, हलवून कानाशी धरतं, खाली टाकून बघतं. त्याचं शिकणं असं सगळ्या अंगानं चालतं. इंग्रजी चार वर्षं अलीकडे आली हे मला चांगलंच वाटतं. पण तिच्याबरोबर पाचवीतली शब्दार्थांची रीतही जशीच्या तशी खाली उतरली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ए फॉर ॲपलच घ्या. कोकणात सफरचंदाचं झाड नाही. बाजारात मिळतं, पण ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. पोराच्या ओळखीचं आहे ते बोंडू. मार्च-एप्रिलात काजीखाली पडलेलं लालपिवळं बोंडू, चावलं की हनुवटीवरून ओघळणारा रस, घशाला बसणारी खवखव, कपड्यावरचा न जाणारा डाग. या बोंडूला इंग्रजीत कॅश्यू ॲपलच म्हणतात. पहिलीतल्या पोराच्या तळहातावर बोंडू ठेवून हे सांगा. त्या शब्दाला वास येईल, रंग येईल, आणि तो उन्हाळाभर पोराच्या तोंडी राहील.

मँगो हा शब्द तर आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला. मल्याळी माणसाच्या तोंडून पोर्तुगिजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत पोचला. जॅकफ्रूटमधला जॅकही तसाच, मल्याळी चक्का. १५६३ साली, वाडीहून हाकेच्या अंतरावरच्या गोव्यात, गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात आपला आंबा आहे, फणसही आहे. पहिलीच्या पोराला हे सांगायची गरज नाही, पण त्याच्या बाईंना ठाऊक असावं. इंग्रजी शिकवताना आपण कुणाच्या दारात उसनं मागायला उभे आहोत असं मग वाटत नाही.

वाडीत आणखी एक खजिना आहे, तो राजवाड्यात. वाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, विझत आलेली कला पुन्हा उभी केली. दरबार सभागृहात आजही कलाकार मांडी घालून गोल पानं रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. ही पानं पोरांसमोर पसरली की काय काय हाताशी येतं! वन ॲक्स, टू ॲक्सेस. एक कासव टॉरटॉइज, दहा झाली की टॉरटॉइजेस. आणि मासा मात्र एक असो की दहा, फिशच. अनेकवचन, आकडे, अपवाद, सगळं बोटांखाली. वर दशावताराची गोष्ट, जी पोरांनी जत्रेत आजीच्या मांडीवर बसून रात्रभर पाहिलेली असते.

खरी गंजिफा महाग असते, मान्य. पण पुठ्ठ्याची गोल पानं कापून पोरांनीच त्यावर मासे रंगवायला काय हरकत आहे? लाकडी फळांची एक परडी प्रत्येक शाळेला नक्की परवडेल. आणि ती घरी न्यायची मुभा पोरांना द्यावी, म्हणजे संध्याकाळी आजी पडवीत बसून वांगं उचलेल आणि विचारेल, ‘ह्येका इंग्रजीत काय म्हणतत रे?’ त्या दिवशी पोर शिकवणारं होईल.

वाडीतल्या, सिंधुदुर्गातल्या आणि कुठल्याही गावातल्या बाईंना, गुरुजींना, आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. निदान पहिली-दुसरीत शब्दार्थांची वही काढू नका. आधी वस्तू हातात द्या, घरातलं तिचं नाव पोराला मोठ्याने म्हणू द्या, आणि मग इंग्रजी नाव सांगा. स्पेलिंग तिसरीत आलं तरी चालेल.