माझा आवडता अल्बम : 'इव्हॉल्व्ह'

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत तुम्ही 'माझा आवडता छंद', 'माझे आवडते पुस्तक' असे निबंध लिहिता. आज मी माझ्या आवडत्या अल्बमवर लिहितो. हा अल्बम भजनांचा नाही आणि भावगीतांचाही नाही. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचा दणदणीत रॉक आहे, तोही इंग्रजीत. वर्धा जिल्ह्यात खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं ऐकत वाढलेला मास्तर हे ऐकतो, याचं शेजाऱ्यांना अजून नवल वाटतं. (आवाज थोडा कमी ठेवा, असा निरोपही येतो.)

बँडचं नाव 'इंडस क्रीड'. 1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' या नावाने तो सुरू झाला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणीच वाजवत. यांनी स्वतःची गाणी रचली, 1988 मध्ये पहिला अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदललं, 1995 मध्ये 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला आणि 1997 मध्ये बँड मोडला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

पुढे 2010 मध्ये ते पुन्हा एकत्र आले. बेनेगल, गिटारवाले महेश तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुषाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी ही तरुण मुलं. आता विचार करा, यांना सोपं काय होतं? जुनी गाजलेली गाणी वाजवायची, टाळ्या घ्यायच्या, घरी जायचं. पण 2012 मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' काढला. गाणी आठ, आठही नवी. आधीच्या अल्बमनंतर तब्बल 17 वर्षांनी!

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो जड गेला. गिटार अंगावर येते, ताल मध्येच वळण घेतो. तीनदा ऐकल्यावर चाली सापडू लागल्या. 'फायरफ्लाइज' तर मी वर्गात फळा पुसतानाही गुणगुणतो. जोर आहे, पण आरडाओरडा नाही. विशीतल्या पोरांसारखं दिसायची धडपडही नाही. सगळी गाणी सारखी उतरली आहेत असं मात्र मी म्हणणार नाही.

हा अल्बम मला लागला, त्याला एक कारण आहे. कॉलेजात असताना आम्हा तिघांचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत गावोगाव जायचो. एका कार्यक्रमाच्या पैशांच्या हिशेबावरून भांडलो. चूक माझी होती. मी ती कधी कबूल केली नाही, आणि हार्मोनियम माळ्यावर गेली ती गेलीच. जवळजवळ वीस वर्षं आम्ही बोललो नाही.

मागच्या रविवारी पुलगावला ढोलकीवाल्या मित्राच्या दारात जाऊन उभा राहिलो. आधी हिशेबाचं बोललो. तो काही बोलला नाही, आत जाऊन चहा सांगून आला. मग मी म्हटलं, पुन्हा बसायचं का?

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जुनंच वाजवाचं असन तं मले बोलावू नको बा. नवीन काही असन तं सांग."

हार्मोनियम माळ्यावरून काढली आहे. दोन सूर बसले आहेत, भात्यातून हवा जाते. येत्या रविवारी ती दुरुस्तीला नेतो.