चोर, संन्यासी आणि अडत्या

बेकायदा माल स्वतः न विकता तो विकला जाईल अशी पेठ चालवणाऱ्या व्यवसायात शिक्षा कोणाला आणि किती व्हावी, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे ठळकपणे आणला तो बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या खटल्याने. २७ नोव्हेंबर २००४ रोजी, शनिवारी रात्री, शाळकरी मुलामुलीची अश्लील चित्रफीत तेथे पुस्तके-मासिकांच्या विभागात १२५ रुपयांना विक्रीस लागली. तक्रार त्याच रात्री पोहोचली, पण माल उतरवला गेला तो सोमवारी सकाळी, आणि तोवर आठ गिऱ्हाइके होऊन गेली होती. रविवारभर गल्ला चालू राहिला, तक्रार मात्र पडून राहिली; शिक्षेचे माप शोधायचे तर ते या दीड दिवसात आहे.

पोलिसांनी डिसेंबरात अटक केली ती व्यवस्थापकीय संचालक अवनीश बजाज यांना. कंपनीला आरोपी केलेच नाही. वास्तविक कंपनी ही कायद्याने घडवलेली व्यक्ती असल्याने तिला कोठडीत टाकता येत नसले तरी दंड करता येतो, आणि कारावास सक्तीचा असलेल्या गुन्ह्यातही तिच्यावर खटला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. प्रातिनिधिक दायित्व, म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याची पदामुळे अंगावर येणारी जबाबदारी, मूळ कंपनीच आरोपीच्या पिंजऱ्यात नसताना संचालकावर लादता येत नाही, असे म्हणून त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये बजाज यांच्यावरील कारवाई रद्द केली. संन्याशाचा सूळ चुकला हे योग्यच झाले. अडत्याला मात्र, म्हणजे दलाली घेऊन दुसऱ्याचा माल खपवणाऱ्या कंपनीला, या खटल्यात कोणी जाबही विचारला नाही.

याचे एक कारण शिक्षेच्या आकड्यांतच दडलेले असावे. तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. माणसाचे आयुष्य उलथवायला पाच वर्षे पुरतात, पण २००४ मध्येच ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला घेतलेल्या कंपनीच्या हिशेबात एक लाख म्हणजे किरकोळ खर्च. पुढे याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी, नग्न चित्रणाबाबत संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केल्यास, ते २४ तासांत हटवण्याचे बंधन घातले, ज्यात रविवारची सवलत नव्हती.